एअरटाइट डब्यातलं पाणी : साक्री तालुक्यातल्या एका ठेव्याचं प्रकरण

श्रावणातल्या कानबाईला सोमवारी सकाळी निरोप दिला, रोट खाल्ले आणि दुपारी मी नि मामेभाऊ जिओकॅशिंगच्या खेळासाठी वावरात लपवलेला डबा बघायला गेलो. डब्याचे चारही कान घट्ट बसलेले होते, झाकणातलं रबर जागेवर होतं, कुठं चीर नव्हती. उचलला तर आत खळखळ वाजलं.

आत बोटभर पाणी होतं. शंभर पानी वहीचा लगदा झालेला. जेल पेनानं लिहिलेल्या ओळींची शाई विरघळून पाणी निळं झालं होतं. कापसाचं बोंड कुजायला लागलेलं. त्यातल्या त्यात गोट्या तेवढ्या धुऊन निघाल्यासारख्या चकचकीत.

डबा गळका असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठेवण्याआधी तो रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून, वर दगड ठेवून तपासला होता. आत टिपकागद घातला होता, तो कोरडा निघाला होता. कानबाईनंतर घरी आणून तीच परीक्षा पुन्हा घेतली. टिपकागद पुन्हा कोरडा. बादलीत न गळणारा डबा वावरात गळला कसा, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न. उत्तर मिळायला ऑक्टोबर उजाडला, आणि मधल्या काळात एकदा पोलीस पाटलांसमोर उभं राहावं लागलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेच्या जीपीएसमध्ये सामान्य माणसाला मिळणारा सिग्नल मुद्दाम बिघडवलेला असे, त्यामुळे जागा सुमारे १०० मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. मे २००० च्या सुरुवातीला ती अडवणूक उठली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं काळी प्लास्टिकची बादली रानात ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधा, काही घ्या, काही ठेवा, वहीत नाव लिहा. त्या बादलीत बीन्सचा एक डबाही होता म्हणतात. आता खाण्याचं काही ठेवायला मनाई आहे, आणि ती का आहे हे ज्यानं एकदा मुंग्यांनी भरलेला डबा उघडलाय त्याला सांगावं लागत नाही. बाकी नियम साधे : जमीनमालकाची परवानगी हवी, खड्डा खणून पुरायचं नाही, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, आणि ठेवणाऱ्यानं अधूनमधून जाऊन डबा बघायचा. आमच्या भागात हे खेळणारे मला ठाऊक असलेले आम्ही तिघंच, तेव्हा १६१ मीटरची अडचण अजून आलेली नाही.

इंग्रजीत या डब्याला 'कॅश' (cache, लपवलेला साठा) म्हणतात. वावरात हा शब्द फार धोक्याचा आहे, तो प्रसंग पुढं येईल. आम्ही आता 'ठेवा' म्हणतो.

जागा

पाटणादेवीला ठेवू असं आधी डोक्यात होतं. पण तो परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, तिथं परस्पर काही ठेवणं बरोबर नाही. किल्ले, लेणी, मंदिरं आम्ही पहिल्यापासूनच वगळली. राहिलं मामाचं वावर. त्याच्या वरच्या बांधाला लागून काळ्या दगडाची एक नैसर्गिक भिंत आहे. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात अशा भिंती शेकड्यानं आहेत. दख्खनचा लाव्हारस थिजत असताना भेगांमध्ये वर चढलेला खडक म्हणजे या भिंती. साधारण साडेसहा कोटी वर्षांत आजूबाजूचा खडक झिजला आणि या उभ्या राहिल्या. बऱ्याचशा पूर्व-पश्चिम जातात. म्हणून एक अंग दक्षिणेकडं, दिवसभर उन्हात. आम्ही डबा दक्षिणेच्या अंगाला ठेवला, कारण तिकडून दूरवर पवनचक्क्या दिसतात. शोधायला येणाऱ्याला काहीतरी बघायला मिळावं, एवढाच हिशेब. पहिली चूक ही, पण ती चूक आहे हे कळायला वेळ लागला.

डबा पॉलिप्रॉपिलीनचा, एक लिटरचा, चार बाजूंनी कान दुमडून बंद होणारा, झाकणाच्या आत सिलिकॉनचं रबर. खडकात मिसळावा म्हणून त्याला मॅट काळा रंग मारला. हा प्लास्टिकचा प्रकार रंगाला धरून ठेवत नाही. काचपेपरनं घासून, प्लास्टिकचा प्रायमर मारून मगच रंग बसतो, आणि तरी कडांवरून सालपटं निघतातच. आम्ही प्रायमरचे पैसे वाचवले, दोन महिन्यांत डबा कोड फुटल्यासारखा दिसायला लागला.

चिकटपट्टीचा उपाय आणि पोलीस पाटील

पाणी झाकणातून आलं असणार, मग झाकणाला पट्टी गुंडाळू, असा सरळ विचार करून भादव्यात डबा परत ठेवला. या वेळी काळ्या इन्सुलेशन टेपचे चार वेढे. शिवाय एक कान तोवर मोडला होता. उन्हानं हे प्लास्टिक ठिसूळ होतं आणि कानाची पातळ घडी सगळ्यात आधी जाते. तिथं टेप आणखी जाड झाली.

आठ दिवसांत मामाचा फोन. एका ठेलारी मेंढपाळाला खडकाच्या फटीत काळ्या पट्ट्या गुंडाळलेला काळा डबा दिसला होता. त्यानं हात न लावता मेंढ्या लांब नेल्या आणि गावात येऊन पोलीस पाटलांना सांगितलं. त्यानं केलं ते शंभर टक्के योग्य होतं. मी धुळ्याहून पोचलो तेव्हा बांधावर वीस-पंचवीस माणसं.

"हाई काय शे रे भाऊ?"

मी भीतभीत म्हणालो, "जिओकॅश आहे, आबा."

"जिओनी कॅश?" पाटील आबांनी फोन खिशात घातला. "मंग पैसा कोठे शेतस?"

हसू आलं तरी हसायची वेळ नव्हती. मी सगळ्यांसमोर टेप फाडली, वही दाखवली, गोट्या दाखवल्या. मोबाइलवर जागेची खूण दाखवली. अर्ध्या तासानं आबा निवळले, पण जाताना म्हणाले की डबा ठेवायचा असेल तर आधी मला दाखवून ठेव, आणि आतलं दिसंल असा ठेव. अमेरिकेत लष्कराचे रिकामे दारूगोळ्याचे पत्र्याचे डबे या खेळात फार नावाजलेले. रबर जाड, पत्रा मजबूत, पाणी शिरत नाही. आपल्याकडं असा डबा बांधावर ठेवणं म्हणजे आपण होऊन चौकीवर जाऊन बसणं. वेषांतर माणसाला घाबरवणारं नको, ही गोष्ट कुठल्या परदेशी सल्ल्यात मला ठळकपणे वाचायला मिळाली नव्हती.

टेपच्या आतही थोडं पाणी होतंच.

धाब्यावरची परीक्षा

मी एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. म्हणजे हे मला सुचायला हवं होतं, आणि सुचायला ऑक्टोबर उजाडला. बादलीच्या परीक्षेत डबाही थंड होता आणि पाणीही थंड. फोनवर आयपी ६७ लिहिलेलं असतं ना, एक मीटर पाण्यात अर्धा तास, त्या परीक्षेतही पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांहून जास्त फरक असू नये असं बंधन असतं. आमचा काळा डबा मात्र भट्टीतून निघून पावसात जात होता.

ऑक्टोबरच्या उन्हात डबा मामाच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर ठेवला. आत शेडनेटवाल्या मित्राकडचा कमाल तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर. दुपारी तीनला आतलं तापमान ५४ अंश. डबा उचलून थेट हौदात बुडवला, पाणी २६ अंशांचं. पंधरा मिनिटांनी काढून, पुसून, जळगावच्या सोनार मित्राच्या काट्यावर तोलला. हा आमच्यातला तिसरा भिडू, आणि काटा त्यानं खास पिशवीत गुंडाळून आणला होता. वजन ३१ ग्रॅम वाढलेलं. बादलीत रात्रभर थेंबही न घेणारा डबा पंधरा मिनिटांत ३१ ग्रॅम पाणी प्यायला.

हिशेब असा. डबा तापतो तेव्हा आतली हवा प्रसरण पावते आणि रबराच्या कडेनं हळूहळू बाहेर निसटते. दुपारपर्यंत आतला दाब बाहेरच्या इतकाच झालेला असतो. मग डबा एकदम गार झाला की उरलेली हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. ५४ वरून २६ म्हणजे केल्विनमध्ये ३२७ वरून २९९. दाबात साडेआठ टक्के घट. एक लिटरच्या डब्याला ती भरून काढायला जास्तीत जास्त ८५ मिलिलिटर काहीतरी आत घ्यावं लागतं. झाकण थोडं आत दबतं म्हणून प्रत्यक्षात कमी.

पुढच्या मे महिन्यात हाच काळा डबा दगडाच्या कुशीत ठेवून बघितला, तेव्हा थर्मामीटरनं ६३ दाखवलं. वळवाच्या पावसाचं पाणी २४ अंशांचं धरा. घट साडेअकरा टक्के. वातावरणाचा दाब म्हणजे ढोबळमानानं दहा मीटर पाण्याचं वजन, त्याचे साडेअकरा टक्के म्हणजे एक मीटरहून जास्त. पावसाच्या चार थेंबांत भिजणारा डबा आतून मात्र कमरेएवढ्या पाण्यात बुडवल्यासारखा ओढ घेत होता. आणि वळीव येतो कधी? दुपार टळल्यावर, डबा सगळ्यात जास्त तापलेला असताना. त्यात या प्रकारच्या झाकणाला रबराच्या बाहेरून एक पन्हळ असते. डबा उताणा ठेवला की पन्हळीत पाणी साचतं. खडकावरून ओघळ यायचा, पन्हळ भरायची, डबा श्वास आत घ्यायचा आणि हवेऐवजी पाणी प्यायचा. टेप गुंडाळल्यावर पाणी टेपखाली अडकून उलट जास्त वेळ झाकणाशी राहिलं.

काही जण म्हणतात, आतल्या दमट हवेचं पाणी झालं असेल. तोही हिशेब करून बघितला. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत एका घनमीटरला ३० ग्रॅम पाणी असतं, म्हणजे लिटरला ०.०३ ग्रॅम. धड एक थेंबही नाही. वहीच्या कागदात मुरलेली ओल त्याहून कितीतरी जास्त असते, ती उन्हात बाहेर पडते आणि रात्री झाकणाला आतून घाम येतो. पण त्यानं पानं सर्द होतील, बोटभर पाणी साचणार नाही. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या या सर्दपणाला ठीक. श्वासाबरोबर आत येणाऱ्या पाण्यापुढं त्या एका पावसात संपतात.

म्हणजे आपल्याकडं डबा निवडायचा तो मे महिन्याकडं बघून. आणि डबा श्वास घेणारच, कितीही चांगला असला तरी. श्वासाच्या वेळी त्याच्या तोंडाशी पाणी नसलं म्हणजे झालं.

पाइप

दिवाळीनंतर केलेला दुसरा ठेवा दिसायला सगळ्यात सरस होता, अजूनही मला त्याची हळहळ वाटते. ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप वीतभर कापला, एक टोक कॅप लावून सोल्युशननं कायमचं बंद, दुसऱ्या टोकाला आट्यांची कॅप. आट्यांना टेफ्लॉन टेप. नुसत्या आट्यांवर भरवसा ठेवू नका. पाइपाची भिंत जाड, दबत नाही, आतली हवाही कमी. आणि वेष तर आयता : ठिबक सिंचनाच्या सबमेन पाइपाच्या व्हॉल्व्हजवळ, बांधाच्या कडेला, उरलेला तुकडा पडलाय असा. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही वावरात असले तुकडे पडलेले असतातच. शोधणारा दहा वेळा त्यावरून गेला असता.

गहू पाण्यावर असताना बघायला गेलो तर पाइप नाही. भंगारवाल्यानं नेला असंच वाटलं. पण मामेभावाला सबमेनच्या टोकाला आमची आट्यांची कॅप ओळखू आली. सालदारानं ती काढून गळतीला बसवली होती, आणि बसवलीही अगदी झकास. मी विचारलं तर तो माझ्याकडंच बघत राहिला.

"चांगली कॅप वाया जाई ऱ्हायनी व्हती ना भाऊ."

वही चुलीत गेली होती. त्याचं काही चुकलं नाही. ठेवा ओळखू न येणं एवढं पुरत नाही, तो कुणाच्या कामाचाही दिसता कामा नये. वावरात ठिबकचा तुकडा म्हणजे उद्या लागणारी वस्तू. याच कारणानं दोरी, तार, चांगला डबा, चांगली बाटली सगळं बाद. एकानं कीटकनाशकाची रिकामी बाटली सुचवली होती, ती कुणी उचलत नाही म्हणून. कापसाच्या पट्ट्यात राहून असं सुचवणं म्हणजे कमाल आहे. शोधणारा हात घालणार, मुलं हात घालणार. त्यावर चर्चासुद्धा केली नाही.

खापर

पुढच्या आखाजीला घागर भरायची म्हणून मामीनं बाजारातून नवी मातीची भांडी आणली. त्यात पाण्याचा नवा माठही आला आणि जुना, तळाशी तडा गेलेला माठ उकिरड्याच्या वाटेला निघाला. मी तो मागितला. मामी म्हणाली, "पाण्याचाच ने हं, घागरीला हात लावू नको." माठ आपटून अर्धा केला, डोक्यावर धरता येईल एवढी खोलगट खापर निघाली. खापर कुणी उचलत नाही, विकत नाही, चुलीत घालत नाही, घाबरतही नाही. शिवाय उन्हाला आडोसा आणि पावसाला छप्पर.

इथं एक गोष्ट सुटी झाली, जी पहिल्या दिवसापासून आम्ही एकाच डब्याच्या गळ्यात बांधत होतो. कोरडं राहणं हे एकाचं काम, लपणं हे दुसऱ्याचं. डब्यालाच काळा रंग फासला की तो तापतो, मातीत लोळवला की रबरावर कचकच बसते. आता आतला डबा पांढरा, बिनरंगाचा, आणि वेष सगळा खापरेचा.

आतला डबा म्हणजे एचडीपीई प्लास्टिकची रुंद तोंडाची ३०० मिलिलिटरची बरणी, आत बूच आणि वर आट्यांचं झाकण, प्रयोगशाळेत रसायनांना वापरतात तसली, पण कोरी. झाकणाला पन्हळ नाही. चार कान नाहीत, म्हणून मोडायलाही काही नाही. रिकाम्या जागेत गोट्या भरल्या : आत हवा जितकी कमी, तितका घोट लहान. वही बरणीत सुटी ठेवली नाही. ती गुंडाळी करून सोड्याच्या बाटलीच्या प्रीफॉर्ममध्ये घातली. प्रीफॉर्म म्हणजे फुगवण्याआधीची बाटली, जाड परीक्षानळीसारखी दिसते, तोंडाला नेहमीचं बाटलीचं झाकण. पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्याकडं दोन-पाच रुपयांत मिळते. सोड्याचा दाब पेलण्यासाठीच बनवलेली असल्यानं झाकणाची पकड उत्तम. नुसती हीच ठेवली तरी ठेवा होतो, पण मग मुलांना अदलाबदल करायला गोट्या कुठून येणार. जेल पेन काढून शिसपेन्सिल ठेवली, तिची अक्षरं भिजली तरी पुसत नाहीत. वर मराठीत चिठ्ठी : हा खेळ आहे, यात पैसे नाहीत, मामाच्या परवानगीनं ठेवलंय. चिठ्ठी आणि बरणी आधी पाटील आबांना दाखवली. त्यांनी पेन्सिल घेऊन वहीत पहिलं नाव स्वतःचं लिहिलं.

जागा तीच भिंत, पण उत्तरेचं अंग. पवनचक्क्या दिसत नाहीत, सावली मिळते. जमीन खणली नाही, मूठभर खडी पसरून बरणी आडवी ठेवली, तोंड किंचित खाली, वर दोन बोटं मोकळी राहतील अशी पालथी खापर. वळीव यायच्या आधी थर्मामीटर आत ठेवून बघितला. उघड्यावरच्या काळ्या डब्यात ६३ आले त्याच दुपारी खापरेखाली ४७.

पोळ्याला उघडलं. वही कोरडी. बरणीच्या आतल्या बाजूला थोडासा घाम, बस. खापरेखाली मात्र मुंग्यांनी घर केलं होतं आणि खडीत एक विंचू बसलेला. त्या दिवसापासून जागेच्या खुणेसोबत पहिलं वाक्य असं लिहिलंय की आधी काठीनं उलटवा, हात नंतर.

परत झाकत होतो तेव्हा तोच मेंढपाळ खालच्या बांधानं येत होता. थांबला. आम्ही उगाच भिंतीकडं बघत उभे राहिलो. त्यानं खापरेकडं बोट केलं.

"फेकेल खापर आशी पालथी पडत नही. हाई कोनीतरी ठेयेल शे."

पहिल्या आठवड्यापासून त्याला माहीत होतं म्हणे. मामेभाऊ घरी जाऊन माठाचा उरलेला भाग घेऊन आला. आम्ही तो तिथंच दगडावर फोडला आणि मेंढपाळानं चार तुकडे उचलून, एकेक बघत, इकडंतिकडं फेकले.